झोक्यात आलेला भार आणि मध्ये सापडलेला माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका टॉवरच्या साइटवर तुम्ही ज्युनिअर इंजिनिअर आहात. कॉलमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) काढताना टॉवर क्रेनच्या हुकला लावलेलं स्टीलचं पॅनल काँक्रीटपासून सुटलं, झोक्यात आलं आणि एका कामगाराला त्याने शेजारच्या कॉलमच्या उभ्या सळयांवर दाबलं. त्याच्या बरगड्या मोडल्या. ऑपरेटर म्हणतो वारा होता. ठेकेदार म्हणतो हा तिथे उभाच का राहिला. सेफ्टीवाल्यांनी ‘टॅगलाइन वापरा’ (म्हणजे भाराला बांधलेली, खालून धरायची दोरी) असा बोर्ड लावला आणि फाइल बंद केली. तुमचं म्हणणं, टॅगलाइन तर होती, त्याच कामगाराच्या हातात होती. मग चुकलं कुठे?

या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ‘टॅगलाइन तर होती’ हे वाक्य. हालणारा भार दोरी धरून माणूस थांबवू शकतो, असं बहुतेक साइटवर गृहीत धरलेलं असतं. म्हणून अपघात झाला की दोरी होती की नव्हती एवढंच तपासलं जातं. मी बरीच वर्षं लिफ्टिंगचं काम सांभाळतो आणि माझं मत अगदी पक्कं आहे: झोका एकदा सुरू झाला की तो थांबवायला माणूस पुढे पाठवायचा नसतो. झोका तयार होतो तो भार जमिनीवरून किंवा जागेवरून सुटण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात काय झालं हे शोधा, आणि त्या वेळी तो माणूस भार आणि सळया यांच्या मध्ये का होता हे शोधा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टींत आहे.

मी तुमची साइट पाहिलेली नाही. पॅनलचं वजन किती, जिबपासून (क्रेनच्या आडव्या हातापासून) हुकपर्यंत रोप (तारेचा दोर) किती सोडला होता, कॉलम जिबच्या सरळ रेषेत होता की बाजूला, वारा खरोखर किती होता, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे खाली जे आकडे देतोय ते अंदाजाचे धरा. तुमचे खरे आकडे टाकून तोच हिशेब पुन्हा करा.

समजा पॅनल ८०० किलोचं आहे आणि वरून २० मीटर रोप सुटलेला आहे. हुक पॅनलच्या बरोबर डोक्यावर नसून दीड मीटर बाजूला आहे. वीस मीटरच्या रोपावर दीड मीटरचा तिरकेपणा खालून बघणाऱ्याला जवळजवळ जाणवत नाही, रोप सरळच वाटतो. आता पॅनल सुटलं. ते हुकच्या खाली येऊन थांबणार नाही, पलीकडे आणखी दीड मीटर जाणार. म्हणजे एकूण तीन मीटरची धाव. पलीकडच्या बाजूला दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं आपण लांब आहोत, पण तो धावेच्या आत असतो.

वेगाचं गणित आणखी फसवं आहे. या झोक्यात पॅनलचा सगळ्यात जास्त वेग सेकंदाला साधारण एक मीटर भरतो, माणसाच्या नेहमीच्या चालीपेक्षाही कमी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला साडेचार सेकंद लागतात. इतकी संथ गोष्ट बघून माणसाचा हात आपोआप पुढे जातो, ‘धरतो मी’ असं त्याला वाटतं. पण ८०० किलो त्या वेगाने येऊन छाती आणि सळई यांच्या मध्ये पाच सेंटिमीटरच्या आत थांबायचे असतील, तर सरासरी दाब जवळपास ९०० किलोंचा होतो. मागे सळई नसती तर तो माणूस ढकलला गेला असता, पडला असता, कदाचित खरचटून निभावलं असतं. बरगड्या मोडल्या त्या मागे जागा नव्हती म्हणून. झोक्यामुळे झालेल्या ज्या गंभीर दुखापती मी पाहिल्या, त्यांत माणूस बहुतेक वेळा भार आणि एखादी न हलणारी वस्तू यांच्या मध्ये सापडलेला होता. भिंत, कॉलम, सळयांचा जुडगा, ट्रकची फळी, क्रेनचं चाक, काहीही.

आता टॅगलाइनकडे येतो. भार दोन प्रकारे हलतो. एक म्हणजे तो स्वतःभोवती फिरतो, दुसरं म्हणजे तो लंबकासारखा पुढेमागे जातो. टॅगलाइन पहिल्या प्रकारासाठी उत्तम आहे. बारा मीटरच्या सळयांचं बंडल हुकला लटकलेलं असतं तेव्हा त्याच्या टोकाला बांधलेली दोरी मध्यापासून सहा मीटरवर असते. एवढी लांब तरफ हातात असल्यावर एका माणसाने नुसता हलका ताण ठेवला तरी बंडल गरगर फिरत नाही. झोक्याच्या बाबतीत ही तरफच नसते. तिथे तुम्ही थेट ८०० किलोंशी ताकद लावत असता. वरच्या उदाहरणात पॅनलला दीड मीटर तिरकं नुसतं धरून ठेवायला साधारण ६० किलोंचा आडवा ओढ लागतो. ओल्या प्लायवर, सळयांच्या जाळीवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाकडून तो होत नाही, आणि चालत्या पॅनलला अडवायला त्याहून जास्त लागतो. म्हणून ‘टॅगलाइन वापरा’ हा बोर्ड चुकीचा नाही, पण तुमच्या अपघाताचं ते उत्तर नव्हे. उलट, दोरी हातात आहे म्हणून तो माणूस भाराच्या जवळ थांबला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दोरी आखूड असेल तर नक्कीच.

मग झोका आला कुठून? ऑपरेटर वारा म्हणतो. ते खोटं असेलच असं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून मला दुसरा संशय येतो. पॅनल ‘सुटलं आणि’ झोक्यात आलं. म्हणजे सुटण्याआधी क्रेन त्याला ओढत होती.

डी-शटरिंगमध्ये, म्हणजे शटरिंग काढताना, हे रोज घडतं. टाय रॉड (साचा आवळणाऱ्या सळ्या) काढले, त्यांचे विंग नट सैल केले, प्रॉप (टेकू) हलवले, पण पॅनल काँक्रीटला चिकटून बसलंय. शटरिंग ऑइल नीट लागलेलं नसतं, किंवा खालच्या कडेला स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) गळून घट्ट झालेली असते. पहार घालून ते हळूहळू मोकळं करायला दहा-पंधरा मिनिटं जातात. क्रेन तर वर उभीच आहे, चार गँग तिची वाट बघतायत. मग कोणीतरी हाक देतं, ‘जरा उचल, निघेल’. ऑपरेटर ताण देतो. रोप कडक होतो, थरथरायला लागतो, पॅनल जागचं हलत नाही. ताण आणखी वाढतो. मग खालची कड आधी सुटते, आणि क्षणभरात वरचीही.

या वेळी केबिनमधल्या डिस्प्लेवर काय आकडा होता हे ऑपरेटरला विचारा. पॅनल ८०० किलोचं असताना डिस्प्ले १२०० दाखवत असेल, तर वरचे ४०० किलो हे चिकटलेपणाचे होते. तेवढा ताण रोपात आणि वाकलेल्या जिबमध्ये साठून राहिलेला असतो. पॅनल सुटलं की तो एकदम मोकळा होतो, पॅनल वर उसळतं आणि रोप थोडाही तिरका असेल तर त्याच झटक्यात बाजूला धावतं. त्यातून कॉलमचं पॅनल उभं असतं, क्रेनला ते कॉलमच्या तोंडापासून बाहेर काढायचं असतं, म्हणून ऑपरेटर मुद्दामच हुक थोडा बाहेरच्या बाजूला ठेवतो. म्हणजे झोक्याची तयारी आपणच केलेली असते. सुटलेलं पॅनल कॉलमपासून दूर, नेमकं जिथे गँग उभी असते तिकडे जातं.

क्रेन भार वर उचलण्यासाठी असते. चिकटलेलं ओढून काढणं हे तिचं काम नाही, आणि तिरकं ओढणं तर मुळीच नाही. तिरक्या ओढीने जिबवर जो आडवा जोर येतो तो बहुतेक क्रेनचा लोड इंडिकेटर ओळखतच नाही. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. पॅनल टेकू किंवा चेन पुलीने आधीच धरलेलं नसेल तर आधी स्लिंग (भाराला बांधायचा पट्टा किंवा साखळी) लावायची, रोप फक्त ढिला राहणार नाही इतकाच घ्यायचा, म्हणजे पॅनल पडणार नाही. मग जॅकिंग स्क्रूने किंवा पहारीने पॅनल काँक्रीटपासून पूर्ण मोकळं करायचं, वरून खालपर्यंत फट दिसली पाहिजे. सगळ्यांनी बाजूला व्हायचं. सिग्नलमनने दोन बाजूंनी, म्हणजे समोरून आणि काटकोनात जाऊन, रोप उभा आहे का बघायचं, कारण एका बाजूने बघून तिरकेपणा कळत नाही. त्यानंतरच वीतभर उचलायचं आणि थांबायचं. वीतभर उचलल्यावर जो काही तिरकेपणा उरलेला असेल तो छोट्या झोक्यात दिसून येतो, तो शांत होऊ द्यायचा, हुक सरकवून घ्यायचा, मग पुढे. डिस्प्लेवरचा आकडा पॅनलच्या माहीत असलेल्या वजनाच्या वर गेला तर ऑपरेटरने थांबायचं, कोणाचंही न ऐकता. हा एक नियम तुम्ही उद्यापासून लागू करू शकता, त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पॅनलवर ठळक रंगाने वजन लिहिलेलं मात्र असायला हवं.

वाऱ्याचं बघू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात जे सूत्र आहे त्याप्रमाणे सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वाऱ्याला दर चौरस मीटरला ६० न्यूटन दाब येतो. तीन मीटर उंच आणि २.४ मीटर रुंद पॅनल वाऱ्याला सपाट तोंड करून लटकलं असेल तर त्यावर साधारण ४४ किलोंचा आडवा जोर येतो. आपल्या ८०० किलोंच्या पॅनलला वीस मीटर रोपावर तो जवळपास एक मीटर बाजूला नेतो, आणि झुळूक अचानक आली तर त्याच्या दुपटीपर्यंत. वारा ताशी ७२ झाला तर हे सगळं चौपट. आता गंमत बघा, बऱ्याच टॉवर क्रेनच्या मॅन्युअलमध्ये काम थांबवण्याची मर्यादा ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास असते. ती क्रेनसाठी आहे. पॅनलसाठी ती फार फार जास्त आहे. आम्ही पॅनल, प्लायचे गठ्ठे, पत्रे, काचेचे युनिट यांसाठी वेगळी आणि बरीच खालची मर्यादा ठेवतो. ती किती ठेवायची हे भाराचं क्षेत्रफळ आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरतं. सिमेंटच्या बॅगांचा पॅलेट जो वारा सहज सोसेल त्यात पॅनल उचलायचं नाही.

क्रेनला वारा किती चालेल याचा हिशेब केला पण भारावर वारा किती लागेल याचा केला नाही, याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातलं आहे. तिथे मिलर पार्क स्टेडियमच्या छताचा ४०० टनांहून जड तुकडा उचलताना १४ जुलै १९९९ रोजी ‘बिग ब्लू’ नावाची प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन लोखंडकाम करणारे कामगार गेले. छताच्या तुकड्याचा पसारा वारा धरत होता, आणि त्याचा आडवा जोर बूमवर (क्रेनच्या लांब हातावर) येत होता. आपल्या पॅनलची गोष्ट त्यापुढे किरकोळ दिसते, पण तत्त्व तेच आहे. ठाण्या-मुंबईत आणखी एक भर पडते: दोन टॉवरच्या मधल्या फटीत वारा वेग घेतो. क्रेनच्या टोकावरचा मीटर जे दाखवतो आणि सोळाव्या मजल्याच्या कडेला जे लागतं ते एकच असेल असं नाही. तुमच्या अपघाताच्या वेळचं रेकॉर्ड क्रेनच्या डेटा लॉगमध्ये असेल तर काढून घ्या, म्हणजे ऑपरेटरचं म्हणणं खरं की नाही हे वाद न घालता कळेल.

झोक्याची तिसरी जागा म्हणजे ऑपरेटरचा हात. स्ल्यू (जिब गोल फिरवणं) झटक्यात सुरू केला की हुक पुढे जातो, भार मागे राहतो. झटक्यात थांबवला की भार पुढे जातो. झोपाळ्याला योग्य वेळी छोटे धक्के देत गेलं की तो उंच जातो, तसंच चुकीच्या वेळी दिलेल्या ब्रेकने छोटा झोका मोठा होतो. चांगला ऑपरेटर याच्या उलट करतो. भार झोक्याच्या टोकाला पोचतो तेव्हा तो हुक अलगद भाराच्या डोक्यावर नेऊन ठेवतो आणि झोका तिथेच विरतो. हे हातात यायला वेळ लागतो. ज्याला ते येतं त्याला ट्रॉली (हुक जिबवर पुढेमागे), स्ल्यू आणि हॉइस्ट (हुक वर-खाली) तिन्ही एकदम चालवायची घाई नसते. झोक्यात असलेला भार घाईने वर ओढायचा नाही हेही लक्षात ठेवा, कारण रोप आखूड होत गेला की झोका जलद होतो. भार झोक्यात असेल तर खालची माणसं लांब, हुक जागेवर, आणि वाट बघायची. वीस मीटर रोपावर एक पूर्ण झोका नऊ सेकंदांचा असतो, चार-पाच झोके म्हणजे पाऊण मिनिट. साइटवर एवढा वेळ सगळ्यांकडे असतो, पण कोणी तो द्यायला तयार नसतं.

आता माणूस कुठे उभा राहतो याबद्दल, कारण वरचं सगळं नीट केलं तरी एखादा झोका येणारच. आमच्या गँगला मी एकच गोष्ट वारंवार विचारतो: भार तुझ्याकडे आला तर तू कुठे जाशील? उत्तर देताना त्याने मागे वळून बघितलं तर ती जागा चुकीची आहे. पाठीमागे दोन-तीन पावलांची मोकळी, अडथळा नसलेली वाट असली पाहिजे. पाठीशी सळया, पॅरापेट, प्रॉपचं जंगल किंवा स्लॅबची कड असेल तर तिथे उभं राहायचंच नाही, मग काम कितीही सोयीचं होवो. तुमच्या कामगाराच्या बाबतीत ठेकेदार म्हणतो तो तिथे का उभा राहिला. खरा प्रश्न वेगळा आहे. पॅनल त्या बाजूला काढायचं असं ठरलं तेव्हा त्याला उभं राहायला दुसरी जागा होती का? कॉलमच्या रांगेत, पुढच्या कॉलमच्या सळया आधीच वर आलेल्या असताना, बहुतेक वेळा नसते. मग क्रम बदलायचा, किंवा त्या बाजूला माणूसच ठेवायचा नाही, दोरी लांब करून बाजूने धरायची.

दोरीची लांबी किती, याचा साधा हिशेब असा की दोरी फार उभी उतरता कामा नये. पंचेचाळीस अंशांपेक्षा उभी झाली की तुमचा बराचसा जोर भाराला खाली ओढण्यात जातो आणि तुम्ही भाराखाली सरकत जाता. भार जितका उंच असेल तितकं तरी अंतर माणसाने राखावं. दोरीला मध्ये गाठी नकोत, त्या सळईत अडकतात. हाताला किंवा कमरेला वेढा घ्यायचा नाही, कधीच नाही. स्लॅबच्या कडेला दोरी धरणाऱ्याचा हार्नेस (सुरक्षा पट्टा) लाइफलाइनला (आधाराच्या दोरीला) लावलेला हवा, कारण झोका माणसाला दोरीसकट कडेबाहेर नेऊ शकतो. आणि दोरी सोडायला शिकवायचं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्या कामगाराला वाटतं दोरी सोडली तर नुकसान झालं, साहेब ओरडतील. म्हणून तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत) मी मोकळ्या भारावर प्रत्यक्ष करून दाखवतो, ‘छोड’ म्हटलं की दोरी हातातून गेलीच पाहिजे. पॅनल वाकलं तर ते सरळ होतं.

भाराला हात कधी लावायचा? तो थांबलेला असेल आणि उतरवण्याच्या जागेवर कमरेच्या खाली आला असेल तेव्हाच. तोपर्यंत काठी वापरा, ढकलायच्या काठ्या बाजारात मिळतात. त्यामुळे बोटंही वाचतात. बोटं चिरडण्याच्या दुखापती आपल्याकडे इतक्या सर्रास होतात की त्यांची नोंदही होत नाही.

हायड्राबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या साइटवर खाली सळई हलवायला ती असणारच. भार पुढे लटकवून चालत जाणारी ही क्रेन खड्ड्यातून गेली, ब्रेक लागला, की भार पुढे-मागे होतो. तो सांभाळायला एक हेल्पर भाराला हात लावून चाकाच्या पुढे चालतो. भाराने धक्का दिला की तो चाकाखाली. अनेक मोठ्या कंपन्यांनी जुन्या धाटणीच्या हायड्रांना साइटवर बंदी घातली आहे त्याचं हे एक मोठं कारण. तुमच्याकडे बंदी नसेल तर किमान एवढं करा: भार जमिनीपासून फूटभरच वर, क्रेन चालीच्या वेगाने, हेल्पर ऑपरेटरला दिसेल असा बाजूला, लांब दोरी घेऊन. चाक आणि भार यांच्या मध्ये कोणीही नाही. लांब अंतर असेल तर सरळ ट्रेलरवर टाकून न्या.

हे सगळं माहीत असूनही साइटवर का होत नाही, याचं कारण मला सिग्नलमध्ये आणि हुकच्या वेळापत्रकात दिसतं. आपल्याकडे ऑपरेटर एका राज्यातला, शटरिंगची गँग दुसऱ्या, इंजिनिअर मराठी आणि सेफ्टीचे बोर्ड इंग्रजीत. जुने खलाशी (भार बांधणारे, हलवणारे कामगार) ‘हाबिस’ म्हटलं की वर आणि ‘आर्या’ म्हटलं की खाली असं समजतात, नव्या पोरांना ते माहीत नसतं. कोणीही हात हलवतो आणि ऑपरेटर अंदाजाने चालतो. एका हुकला एकच सिग्नलमन, वेगळ्या रंगाचं जॅकेट, हातात त्याच क्रेनचा वॉकी-टॉकी, आणि हातखुणा सगळ्यांनी एकत्र घोटलेल्या, एवढं तरी हवंच. थांबायची खूण मात्र कोणीही द्यावी आणि ऑपरेटरने मानावी. वॉकी-टॉकीवरचा आवाज मध्येच गेला तर त्याचा अर्थ थांब. ऑपरेटरला भार दिसत नसेल तेव्हा सिग्नलमन सलग बोलत राहिला पाहिजे, ‘नीचे, नीचे, नीचे’, आणि तो गप्प झाला की हॉइस्ट बंद.

हुकच्या वेळापत्रकाबाबत तुम्ही इंजिनिअर म्हणून खरोखर काही करू शकता. सात दिवसांच्या स्लॅब सायकलमध्ये (एक मजला टाकायच्या फेरीत) एक क्रेन चार गँगना वाटलेली असते. शटरिंगवाल्याला हुक अर्धा तास मिळतो, त्यात त्याला सहा पॅनल काढायची असतात, आणि तो कामाच्या मापावर पैसे घेतो. त्याने पहार बाजूला ठेवून क्रेनने ओढलं तर मला त्याचं नवल वाटत नाही. पॅनल मोकळी करण्याचं काम हुक येण्याच्या आधी, पॅनल टेकू देऊन किंवा चेन पुलीला बांधून सुरक्षित ठेवून, करून घ्यायचं आणि मोकळं केलेल्या पॅनललाच हुक द्यायचा, असं रोजच्या मीटिंगमध्ये ठरवा. आमच्याकडे यामुळे हुकचा वेळ उलट वाचला.

म्हणजे तुमच्या चौकशीत तपासायचं ते असं: पॅनल मोकळं न करता क्रेनने ओढलं का, सुटण्याआधी डिस्प्लेवर आकडा किती होता, रोप दोन्ही बाजूंनी उभा होता का, त्या क्षणी वारा किती होता, दोरी किती लांब होती, आणि त्या माणसाच्या मागे वाट होती का. वजन, रोपाची लांबी आणि तिरकेपणा कळला की वरचा हिशेब तुमच्याच कागदावर झोका किती होणार होता ते दाखवेल.

‘तो स्वतःच उभा राहिला’ या ठेकेदाराच्या वाक्याबद्दल शेवटी बोलायलाच हवं, कारण त्याचा त्या कामगाराच्या पैशांशी संबंध आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, निष्काळजीपणा हा भरपाई नाकारण्याचा आधार नाही. नशेत असणं, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं, अशी मोजकीच कारणं चालतात, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाहीत. ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य मालकावर जबाबदारी येते. तो कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर लाभ तिथून मिळतो. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी आहे का तेही बघा. नसेल आणि मागच्या वर्षभरात त्याने ९० दिवस काम केलं असेल तर तो दाखला ठेकेदाराकडून मिळवून देणं तुमच्या हातात आहे. हजेरीची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि त्याचा स्वतःच्या भाषेतला जबाब यांच्या प्रती आत्ताच काढून ठेवा, महिन्याभराने त्या सापडत नाहीत. आणि त्याला पोटात किंवा खांद्यात दुखत असेल, धाप लागत असेल, तर बरगड्यांचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका, दाबल्या गेलेल्या माणसाला आतून रक्तस्राव उशिराही कळू शकतो. त्याच दिवशी पुन्हा हॉस्पिटलमध्ये न्या.

पॅनलचं माप, वजन, स्लिंग कुठे लावली होती आणि कॉलममधलं अंतर एवढं लिहून पाठवलंत, तर त्या रांगेतली पॅनल कोणत्या बाजूला आणि कोणत्या क्रमाने काढावीत हे मी नेमकं सांगू शकेन.